वह्या बुडवणारे आणि नकला उतरवणारे

"आंबेडकरी समाज सिनेमा बघत नाही, सिनेमाची पूजा करतो." हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं आहे की पहिल्यांदा कोण बोललं ते आता आठवत नाही. कधी ते चर्चासत्रातल्या चहाच्या वेळी ऐकू येतं, कधी आपल्याच शिकल्या-सवरल्या पोरांच्या तोंडून. रोख बहुतेक एकाच चित्रपटावर असतो. जब्बार पटेल दिग्दर्शित 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'. जयंतीच्या आठवड्यात तोच, ६ डिसेंबरच्या आदल्या रात्री तोच, वर्षावासात पावसामुळे भन्तेजी पोहोचले नाहीत तरी तोच. संवाद पाठ, पुढचं दृश्य कोणतं ते पाठ, तरी माणसं पुन्हा सतरंजी टाकून बसतात. मग ही भक्ती नाही तर काय, असा सवाल.

सवाल टाळण्यासारखा नाही. पण उत्तर द्यायचं तर हा चित्रपट आपल्यापर्यंत पोहोचला कसा, हे आधी बघावं लागेल. तो थिएटरच्या पडद्यावरून आपल्याकडे आला नाही, टीव्हीवरूनही फारसा नाही. तो आला दहा-वीस रुपयांच्या चकत्यांवरून, हातोहात. आमच्या मते त्या चकत्यांचा इतिहास हा आंबेडकरी चळवळीच्या इतिहासाचा भाग आहे आणि तो अजून कोणी लिहिलेला नाही.

हे आम्ही लिहितो आहोत सुदुंबऱ्यातून. मावळ तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना दोन कारणांनी माहीत असतं. एक म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी इथं असते. कुठं दरड कोसळली, पूर आला की बातमीत गावाचं नाव येतं. दुसरं आणि जुनं कारण म्हणजे संताजी जगनाडे महाराजांची समाधी. संताजी तेली समाजाचे, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक आणि तुकोबांचे अभंग उतरवून घेणारे लेखनिक. गावात दिंड्या येतात, उत्सव होतो, २००९ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीटही निघालं. आम्ही बौद्ध. समाधीशी आमचं नातं पूजेचं नाही. पण समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला या गावात राहून एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. इथं ज्याची समाधी आहे, त्याचं मोठेपण नकला करण्यात आहे.

तुकोबांच्या वह्या बुडवायला लावल्या त्या वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी. शूद्राच्या वाणीतून वेदांचा अर्थ प्रकट होतो हा गुन्हा होता, त्याची शिक्षा इंद्रायणीच्या डोहात झाली. पुढची कथा दोन प्रकारे सांगितली जाते. एका प्रकारात तेरा दिवसांनी वह्या कोरड्या ठणठणीत वर येतात. दुसऱ्या प्रकारात अभंग लोकांच्या तोंडी होते आणि उतरवून घेणाऱ्यांच्या वह्यांत होते, म्हणून ते बुडालेच नाहीत. आमचा विश्वास दुसऱ्या प्रकारावर. त्याला कागदाचा आधार आहे. वि. ल. भावे यांनी १९१९ आणि १९२० मध्ये दोन भागांत तुकारामांचा 'अस्सल गाथा' छापला तो संताजींच्या हातच्या म्हणून जपलेल्या वह्यांवरूनच. म्हणजे अडीच-पावणेतीनशे वर्षं एका तेल्याच्या घराण्यानं कापडात गुंडाळून वह्या सांभाळल्या. (उतरवून घेणाऱ्यांत कडूसचे गंगारामपंत मवाळही होते, ते ब्राह्मण होते. इतिहास लिहायचा तर तेही सांगितलं पाहिजे.)

याच प्रसंगावर पुण्याच्या प्रभात कंपनीनं १९३६ मध्ये 'संत तुकाराम' काढला. दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम. दुसऱ्या वर्षी व्हेनिसला त्याची वाहवा झाली. चित्रपट सुंदर आहे, आम्हीही तो पुनःपुन्हा पाहिला आहे आणि गौरी यांची आवली तर विसरताच येत नाही. पण त्यात वह्या परत येतात त्या चमत्कारानं. पडद्यावर चमत्कार शोभून दिसतो, आणि रात्र रात्र दिव्याच्या उजेडात बोरू झिजवणारा तेली पडद्यावर फारसा शोभत नाही. देहूच्या घाटावर देव उभा करणारा सिनेमा सगळ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतला, त्याला कुणी पूजा म्हणालं नाही. पागनीसांची तुकाराम-वेशातली छबी घरोघर फ्रेममध्ये लागली. तो रसिकपणा होता. आमच्या विहारात मामुट्टीच्या चेहऱ्याचं कॅलेंडर लागलं की ती भक्ती.

आता देहूवरून देहूरोडला येऊ. अंतर थोडंच आहे, पण इतिहास वेगळा. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. मूर्ती ब्रह्मदेशातून आलेली. त्याच महिन्यात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले होते. नागपूरच्या धम्मदीक्षेला अजून पावणेदोन वर्षं होती. तारीखही लक्षात घ्यावी, १९२७ साली याच दिवशी महाडला मनुस्मृती जाळली होती. इकडे तळेगाव दाभाड्याला बाबासाहेबांचा बंगला. म्हणजे आमचा मावळ बाबासाहेबांच्या पायाखालचा आहे. असं असूनही त्या सगळ्या काळातली त्यांची हलती छबी आमच्या आजी-आजोबांच्या पिढीनं पाहिलेली नव्हती. ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष पाहिलं त्यांनी पाहिलं, बाकीच्यांसाठी निळ्या कोटातला फोटो.

हलत्या चित्राचा हा दुष्काळ आपोआप पडलेला नव्हता. ७ डिसेंबर १९५६ ला मुंबईत लाखोंची अंत्ययात्रा निघाली. तिचं चित्रीकरण नामदेव व्हटकरांनी केलं, पदरचे पैसे घालून, धावपळ करून कॅमेरा मिळवून. स्वतः दलित लेखक, सिनेमात उमेदवारी केलेला माणूस. आज ६ डिसेंबरला मोबाईलवर फिरणाऱ्या अंत्ययात्रेच्या हलत्या चित्रांमागे त्यांचं हे धाडस आहे, आणि ती पाठवणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांना त्यांचं नाव माहीत नसतं. देशाच्या पहिल्या कायदामंत्र्याच्या शेवटच्या प्रवासाची आठवण एका माणसाच्या खिशावर सोपवली गेली.

त्यानंतर २६ वर्षांनी, १९८२ मध्ये, रिचर्ड ॲटनबरोंचा 'गांधी' आला. त्यात राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचे म्हणजे एनएफडीसीचे पैसे होते. आठ ऑस्कर मिळाली. तीन तासांहून मोठ्या त्या चित्रपटात आंबेडकर नावाचं पात्र नाही. गोलमेज परिषद झाली, येरवड्याचं उपोषण झालं, पुणे करार झाला, हे सगळं ज्यांच्याशी झालं तो माणूसच गायब. जगभर शाळाशाळांत तो चित्रपट भारताचा इतिहास म्हणून दाखवला गेला. रामेश्वर भट्टांना निदान वह्या बुडवायला सांगाव्या लागल्या. इथं त्या लिहिल्याच नाहीत.

मराठीत काही धडपड झाली होती. १९९० च्या सुमारास 'भीम गर्जना' आला, १९९३ मध्ये 'युगपुरुष डॉ. बाबासाहेब आंबेडकर'. तुटपुंज्या पैशात काढलेले चित्रपट. त्यांची आठवण आजही वस्त्यांत आहे, पण ती मागच्या पिढीची. आमच्या पिढीचा चित्रपट जब्बार पटेलांचा.

तो सरकारी पैशातून झाला. केंद्राचं सामाजिक न्याय मंत्रालय आणि महाराष्ट्र सरकार यांचा पैसा, निर्मितीची जबाबदारी एनएफडीसीची. भाषा इंग्रजी. लेखनात सुनी तारापोरवाला, अरुण साधू आणि दया पवार. दया पवार १९९६ मध्येच गेले, पूर्ण झालेला चित्रपट त्यांना बघता आला नाही. कॅमेरा अशोक मेहतांचा, कलादिग्दर्शन नितीन चंद्रकांत देसाईंचं. बाबासाहेब झाले मल्याळम सिनेमाचे मामुट्टी, रमाई सोनाली कुलकर्णी, माईसाहेब मृणाल कुलकर्णी, गांधीजी मोहन गोखले. सोलापूर जिल्ह्यातला मुस्लिम घरातला डॉक्टर दिग्दर्शक आणि केरळचा मुस्लिम नट मिळून आमचे बाबासाहेब उभे करतात, यावर काहींनी नाकं मुरडली. आम्हाला त्यात वावगं काही वाटत नाही. १९९८ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट इंग्रजी चित्रपट, सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि सर्वोत्कृष्ट कलादिग्दर्शन असे तीन पुरस्कार त्याला मिळाले. अभिनेत्याचा पुरस्कार 'जख्म'साठी अजय देवगणबरोबर विभागून होता.

पुरस्कार १९९८ चे, थिएटरात यायला २००० चा डिसेंबर. आणि आला म्हणजे किती ठिकाणी आला? तमिळ आवृत्तीची गोष्ट सगळ्यात बोलकी आहे. ती तामिळनाडूतल्या थिएटरांत लागायला २०१० चा डिसेंबर उजाडला, आणि त्यासाठी मद्रास उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. सरकारनं पैसे घालून काढलेला, सरकारनंच गौरवलेला चित्रपट लोकांना दाखवा म्हणून नागरिकांनी कोर्टात जायचं. यात कुणी उघड बंदी घातली नव्हती. बंदी घातली असती तर मोर्चे निघाले असते. डबे गोदामात ठेवले आणि वितरक मिळत नाही म्हटलं, की काम भागतं.

सुदुंबऱ्यासारख्या गावाला तर थिएटरचा प्रश्नच नव्हता. आमच्या लहानपणी सिनेमा बघायचा म्हणजे भाड्यानं व्हीसीआर आणायचा. पोरांनी वर्गणी काढायची, देहूरोडच्या डेपोत किंवा पिंपरीच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या एखाद्या दादानं कलर टीव्ही घेतलेला असायचा, तो अंगणात यायचा, आणि एका रात्रीच्या भाड्यात तीन कॅसेटी बघून व्हायच्या. व्हीएचएस कॅसेटला मात्र मावळचा पाऊस सोसायचा नाही. चार महिने दमट हवा, भिंतींना ओल. कॅसेटच्या फितीला पांढरी बुरशी धरायची आणि ती फीत यंत्रात घातली की हेड खराब. कॅसेटची नक्कल काढायची तर दोन यंत्रं लागत आणि प्रत्येक नकलेत चित्र अजून धुरकट होई.

व्हीसीडीनं हे बदललं. १९९३ मध्ये फिलिप्स, सोनी, जेव्हीसी आणि मात्सुशिता या कंपन्यांनी तिचं प्रमाण ठरवलं. युरोप-अमेरिकेत ती फारशी चाललीच नाही, तिकडं लोक कॅसेटवरून सरळ डीव्हीडीवर गेले. ती वाढली चीन, हाँगकाँग, आग्नेय आशिया आणि आपल्याकडे, म्हणजे जिथं दमट हवा होती आणि पैसा कमी होता तिथं. चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, आजच्या मोबाईलपुढं अगदीच भुरकट. पण प्लेअर स्वस्त, बुरशी नाही, रिवाइंड नाही, आणि मुख्य म्हणजे संगणकावर दहा मिनिटांत हुबेहूब नक्कल. शंभरावी नक्कल पहिलीइतकीच चांगली. पुढे २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांत अधिकृत व्हीसीडी विकायला काढल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला क्रांती म्हटलं. आपल्या वस्त्यांत ती क्रांती कोऱ्या सीडीच्या भावात आधीच होऊन गेली होती.

एका चकतीत साधारण ८० मिनिटं मावतात. बाबासाहेबांचा चित्रपट तीन तासांचा, म्हणजे तीन चकत्या. त्या मिळत कुठं? आमचं वर्षाचं कॅलेंडर ठरलेलं होतं. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, २५ डिसेंबरला देहूरोड, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. तिन्ही ठिकाणी पुस्तकांच्या पालांशेजारी सीडीची पालं. पंचशीलाचे झेंडे, वामनदादांच्या गीतांच्या कॅसेटी, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आणि मधोमध मामुट्टीच्या चेहऱ्याचं रंगीत वेष्टन. काही संच छापील वेष्टनातले, काही नुसत्या पारदर्शक पिशवीत, वर मार्करनं 'बाबासाहेब १', 'बाबासाहेब २', 'बाबासाहेब ३'. काहींत हिंदी बोलणारे बाबासाहेब, काहींत इंग्रजी. घरी येऊन लावल्यावर कळायचं कोणते आले ते. परत करायची सोय नव्हती, पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबायचं. मग ज्याच्याकडे हिंदी त्यानं इंग्रजीवाल्याला नक्कल काढून द्यायची. असा एक संच आला की पावसाळ्यापर्यंत इंदोरी, सुदवडी, तळेगावच्या पाहुण्यांत त्याच्या नकला पोहोचलेल्या असायच्या. लग्नाच्या आहेरात आम्ही या सीडी दिलेल्या पाहिल्या आहेत.

चित्रपट लावायचा म्हणजे एक सोहळाच असे. २००५ ते २००७ ही वर्षं भारनियमनाची, त्यामुळं आधी वेळापत्रक बघायचं. वीज जाण्याआधी तीन तास मिळतील अशी वेळ फार कमी, म्हणून पुष्कळदा पहिले दोन भाग आज आणि तिसरा उद्या. चकतीवर ओरखडा असेल तर तिच्यावर टूथपेस्ट चोळून पुसायचं. शास्त्रीयदृष्ट्या त्यात किती अर्थ होता कोण जाणे, पण चकती चालायची. मोठी माणसं खुर्च्यांवर, बाया सतरंजीवर, पोरं अगदी टीव्हीपुढं. इंग्रजी आवृत्ती असली की कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या ताईनं उभं राहून मराठीत सांगत जायचं. कोलंबियातलं दृश्य असलं की ती जरा जास्तच सांगायची, पुस्तकाबाहेरचंही. आमच्यातल्या किमान दोघी पुढं बी.ए.ला का गेल्या याचं उत्तर त्या भाषांतरात आहे.

महाडच्या तळ्याचं दृश्य आलं की उठून उभं राहणारे होते. रमाईच्या मृत्यूला रडारड व्हायची, आणि दर वेळी कुणीतरी म्हणायचं की सीडी पुढं ढकला, आणि दर वेळी बायाच म्हणायच्या, नको, बघू द्या. येरवड्याचा भाग लागला की मात्र रडणं थांबायचं आणि भांडण सुरू व्हायचं. बाबासाहेबांनी सही करायला नको होती, असं म्हणणारा एक गट. केली नसती तर गावोगाव आपली घरं जाळली असती, असं म्हणणारा दुसरा. सीडी थांबवून वाद चालायचा. येरवडा आमच्यापासून तासाभरावर, त्यामुळं तो वाद दूरचा वाटायचाच नाही. २४ सप्टेंबर १९३२ ही तारीख आम्हाला शाळेनं शिकवली नाही, थांबवलेल्या सीडीनं शिकवली. पुढं एम.ए.ला पुणे करारावर वाचायची वेळ आली तेव्हा दोन्ही बाजूंचे मुद्दे आधीच ओळखीचे निघाले.

आणि तिसऱ्या भागात धम्मदीक्षा. ती बघून झाली की टीव्ही बंद व्हायचा, पण माणसं उठायची नाहीत. म्हातारी माणसं बोलायला लागायची. कुणाच्या आईनं देव कसे गाठोड्यात बांधून नदीत सोडले, कुणाच्या बापानं मेलेली ढोरं ओढणं सोडलं तेव्हा गावानं काय केलं, देहूरोडला १९५४ ला बाबासाहेब आले तेव्हा कोण किती चालत गेलं. एका आज्जीनं सांगितलेलं आठवतं, की तिला बाबासाहेब दिसलेच नाहीत, समोर एवढी डोकी होती की नुसता आवाज आला. आणि ह्या सिनेमातला आवाज काही तसा नाही. मामुट्टीला राष्ट्रीय पुरस्कार देणाऱ्या मंडळात ही आज्जी असती तर काय झालं असतं, असा विनोद आम्ही पुढं बरीच वर्षं करत होतो. पण विनोद बाजूला ठेवला तर त्या रात्री घडत होतं ते फार गंभीर होतं. सरकारी सिनेमा संपल्यावर वस्तीचा स्वतःचा इतिहास सुरू व्हायचा. सिनेमानं फक्त दार उघडून दिलेलं असायचं.

पूजा आणि हे, यात फरक आहे की नाही? पूजेत मूर्ती थांबवून तिच्याशी भांडता येत नाही.

तरी टीकाकारांचं एक म्हणणं आम्हाला मान्य आहे, आणि ते स्वतः बाबासाहेबांचंच आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला तो आपल्यालाही लागू पडतो. एका माणसाभोवती तीन तास फिरणाऱ्या चित्रपटात बाकीचे मागे राहतातच. महाडच्या परिषदेमागे रामचंद्र बाबाजी मोरे होते, सुरबानाना टिपणीस होते, अनंतराव चित्रे होते. मामुट्टीचा एकेक संवाद पाठ असलेल्या किती पोरांना ही नावं सांगता येतील? अलीकडे आणखी एक खोड लागली आहे. चित्रपटातलं छायाचित्र बाबासाहेबांचं म्हणून बॅनरवर छापायचं. नटाचा चेहरा खऱ्या चेहऱ्याची जागा घेतो तेव्हा ते नुसतं अज्ञान उरत नाही. आणि थांबवून वाद घालण्याची सवय तर मोबाईलनं मोडलीच. आता तीस सेकंदांचा तुकडा, मागं ढोलताशा, आणि खाली निळी हृदयं. त्या तुकड्यात पुणे कराराचं भांडण मावत नाही. फॅनपणाला आमचा विरोध नाही, पण फॅननं किमान तिन्ही भाग बघावेत.

मात्र 'व्हिडिओचं वेड' हे आंबेडकरी समाजाला बाहेरून लागलेलं खूळ आहे, असं जे सुचवतात त्यांना जलशांचा इतिहास ठाऊक नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारखे शाहीर तमाशाची गण-गवळण बदलून महाड-नाशिकची बातमी गावोगाव नेत होते. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं त्यांचं वर्तमानपत्र जलसा होता. पुढं रेडिओनं दार उघडलं नाही तेव्हा भीमगीतं कॅसेटीवर गेली. व्हीसीडी ही त्याच वाटेवरची पुढची पायरी. आनंद पटवर्धनांनी हे नेमकं ओळखलं होतं. रमाबाई नगरच्या ११ जुलै १९९७ च्या गोळीबारापासून चौदा वर्षं खपून केलेला 'जय भीम कॉम्रेड' त्यांनी जानेवारी २०१२ मध्ये पहिल्यांदा दाखवला तो भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, वस्तीतल्या माणसांपुढं. थिएटरची वाट बघायची नाही, हे गणित तिथं आधीपासूनच मांडलेलं होतं.

आता कायद्याची गोष्ट. या नकला बेकायदेशीर होत्या, हे खरंच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. २००० चा हा चित्रपट सर्वांसाठी खुला होईल तो १ जानेवारी २०६१ ला. प्रभातचा 'तुकाराम' केव्हाच खुला झालेला आहे. तोवर बाबासाहेबांचा चित्रपट, जो तुमच्या-आमच्या कराच्या पैशातून बनला, त्याची चकती शेजाऱ्याला उतरवून दिली की कायद्याच्या भाषेत चोरी. एखाद्या निर्मात्यानं घर गहाण ठेवून काढलेला सिनेमा पहिल्याच दिवशी चोरून विकणं आणि हे, दोन्हीला एकच शब्द वापरणं आम्हाला पटत नाही. इथं बुडालेला धंदा कुणाचा? मालकानं दुकानच उघडलं नव्हतं.

हा प्रकार फक्त चित्रपटाचा असता तर गप्प बसता आलं असतं. महाराष्ट्र सरकारनं बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांचे खंड १९७९ पासून काढायला सुरुवात केली. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. त्या खंडांना मागणी एवढी की रांगा लागतात, आणि तरी ते वर्षानुवर्षं 'आउट ऑफ प्रिंट'. २०२१ मध्ये छपाई रखडल्याची बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. पुस्तक असो, सिनेमा असो, पद्धत तीच. काढायचा, सत्कार घ्यायचा, आणि लोकांच्या हातात पडू द्यायचा नाही. मधल्या काळात त्या खंडांच्या झेरॉक्स कुणी जपल्या? विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांनी. पुढं पीडीएफ कुणी फिरवल्या? त्याच पोरांनी. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं हस्तलिखित रात्र रात्र बसून टाइप करणारे नानकचंद रत्तू आठवा. उतरवून घेणाऱ्यांची ही परंपरा लांब आहे, आणि सुदुंबऱ्यात बसून ती जास्तच लांब दिसते.

पण चकती ही वही नाही. संताजींच्या वह्या पावणेतीनशे वर्षं टिकल्या; घरी बर्न केलेल्या सीडीचा रंगाचा थर दहा-पंधरा वर्षांत उडायला लागतो. प्लेअर भंगारात गेले, नव्या लॅपटॉपला सीडीची फटच नाही. "यूट्यूबवर आहे की" असं पोरं म्हणतात. आज आहे. कोणी चढवला, कुठल्या भाषेतला, मधले किती तुकडे कापलेले, आणि उद्या हक्काच्या तक्रारीनं उतरवला तर काय, याचं उत्तर त्यांच्याकडं नाही.

उत्तर द्यायची जबाबदारी ज्यांची आहे ते आमच्यापासून फार लांब नाहीत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे, प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या शेजारातच. मार्च २०२२ मध्ये ते एनएफडीसीत विलीन झालं. म्हणजे ज्या महामंडळानं हा चित्रपट काढला, त्याच्याच ताब्यात आता देशाचा चित्रपट-ठेवा आहे, आणि त्या ठेव्याच्या जतनासाठी सुमारे ६०० कोटींची योजनाही मंजूर झालेली आहे. निर्माता एक, संग्राहक एक, पैसा सरकारी, आणि वितरक मिळत नाही ही सबब आता इंटरनेटच्या काळात चालणार नाही. म्हणून मागणी सरळ आहे. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'ची मूळ फिल्मवरून स्वच्छ केलेली प्रत, इंग्रजी आणि डब केलेल्या सगळ्या भाषांत, प्रत्येक सार्वजनिक वाचनालयाला, शाळेला आणि विहाराला मोफत द्या. २०६१ ची वाट आम्ही बघणार नाही. या मागणीचं निवेदन आम्ही तयार केलं आहे, सह्या घेणं चालू आहे.

दरम्यान आम्ही आमचं काम सुरू केलं आहे. मावळातल्या वस्त्यांतून जुन्या चकत्या गोळा करायच्या, चालतात त्या हार्ड डिस्कवर घ्यायच्या, आणि देणाऱ्याकडून ती कुठं, कधी घेतली आणि कुणाकुणाबरोबर बघितली हे वहीत लिहून घ्यायचं. आतापर्यंतचा अनुभव असा, की पहिला भाग जवळपास सगळ्यांचा धड निघतो. तिसरा भाग बहुतेकांचा चालत नाही, कारण तो सगळ्यात जास्त वेळा लावलेला आहे. येत्या २५ डिसेंबरला देहूरोडला येणार असाल तर घरातली 'बाबासाहेब ३' लिहिलेली चकती घेऊन या. ओरखडे असले तरी चालतील, फक्त टूथपेस्ट लावू नका.

जय भीम.